उल्हासचें पाणी आणि वसईची घंटा
(धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं मीं वसईच्या किल्ल्याविषयीं बोलावें अशी आपल्या धर्मगुरूंची आज्ञा झाली, तेव्हां एका बाईंनीं मला हसत हसत विचारलें, "उत्सव आपल्या उभ्या देवळाचा, आणि तुम्ही पडक्या देवळांची कथा सांगणार?" प्रश्न रास्त आहे. परंतु गेल्या हिवाळ्यांत आपल्या धर्मग्रामांतील चाळीसएक मंडळी वसई पाहून आली, आणि त्या दिवसापासून आपल्यांत एक वाद सुरू आहे. तो मिटविण्याचा अधिकार मजकडे नाहीं. मात्र मूळ हकीकत समजून न घेतां वाद करणें म्हणजे अंधारांत काठी फिरविणें होय. ती हकीकत सांगावी एवढ्याचसाठीं मी उभा आहें.

वाद घंटेचा आहे. आमचा एक तरुण मित्र पवित्र शास्त्र मन लावून वाचणारा आहे. ज्युबिलीचें मूळ लेवीय नांवाच्या पुस्तकांत आहे, हें त्यानेंच आम्हांला दाखविलें. सात वर्षांचे सात फेरे पुरे झाले कीं पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें, आणि विकली गेलेली जमीन ज्या कुळाची त्या कुळाकडे परत जावी, असा नियम तेथें इस्राएल लोकांस घालून दिला आहे. मेंढ्याच्या त्या शिंगाला इब्री भाषेंत जें नांव होतें त्यावरूनच ज्युबिली हा शब्द आला. तेव्हां आमच्या मित्राचें म्हणणें असें कीं, ज्युबिलीचें वर्ष म्हणजे परत देण्याचें वर्ष. वसईच्या देवळांतील घंटा मराठ्यांनीं १७३९ सालीं नेल्या. त्यांतलीच एक आज आपल्या डोक्यावर भीमाशंकरीं आहे. मग ती आपण परत कां मागूं नये?

डोक्यावर हा शब्द मीं अलंकार म्हणून वापरलेला नाहीं. आपल्या तालुक्यांतील खांडस गांवीं उभें राहून मान वर केली कीं सह्याद्रीचा जो कडा दिसतो, त्याच्या माथ्यावर भीमाशंकर आहे. तेथें पडलेल्या पावसाची वांटणी होते. पूर्वेकडचें पाणी भीमा होऊन पंढरपुरावरून कृष्णेस मिळतें आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास जातें. पश्चिमेकडे कोसळलेलें पाणी खांडस-कशेळ्याकडील ओढ्यांवाटे आपल्या उल्हासेस येतें. आणि उल्हास कोठें जाते? राजमाचीच्या दरींत उगम पावून ती कर्जतवरून उत्तरेस वाहते, बदलापूर आणि कल्याण मागें टाकते, ठाण्याच्या उत्तरेकडून पश्चिमेस वळून खाडी होते, आणि ती खाडी जेथें समुद्रास मिळते तेथेंच, उत्तर तीरावर, वसईचा किल्ला उभा आहे. म्हणजे घंटा आपल्या पाण्याच्या एका टोकाशीं आहे, आणि ज्या शहरांतून ती आली तें दुसऱ्या टोकाशीं. आपण मध्यें राहतों.

खालापूरच्या मंडळींनीं रुसूं नये. त्यांची पाताळगंगा धरमतरच्या खाडीस मिळते, आणि त्या खाडीच्या मुखाशीं उरणचें करंजा बेट आहे. तेथेंहि पोर्तुगीज अमलाच्या खुणा आहेत. शिवाय खोपोलीचें टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झाल्यापासून लोणावळ्याच्या तलावांतलें घाटमाथ्यावरचें पाणीहि पाताळगंगेंतून वाहूं लागलें. पण आजचा विषय वसई.

वसई हें मूळचें बेट. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस आपल्या उल्हासेची खाडी, आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी, असा त्याला चोहोंकडून पाण्याचा वेढा होता. आज आगगाडीनें जाणाऱ्यास तो जाणवत नाहीं. पूर्वेची खाडी गाळानें भरत आली, तिच्यावरून सडका गेल्या, आणि बेटाची जाणीव पुसली गेली. आम्ही पहाटेची गाडी धरली, दिव्यास उतरलों, आणि तेथून वसईच्या गाडींत बसलों. त्या मार्गानें जावयाचें तर खाडीचें पाणी उजवी-डावीकडे दिसत राहतें, म्हणून मी तोच मार्ग सुचवितों. दादरवरून गेल्यास गर्दीवांचून कांहींच दिसत नाहीं.

किल्ला बेटाच्या दक्षिण टोकास आहे. स्टेशनापासून तेथवर जातांना वसईगांवचीं केळींचीं वाफे आणि पानमळ्यांचे उरलेसुरले तुकडे लागतात. नव्या इमारतींनीं त्यांना चोहोंकडून गांठलें आहे. तटाजवळ चिमाजी अप्पांचें स्मारक आहे. पुढें रस्ता किल्ल्याच्या पोटांतूनच किल्लाबंदराच्या कोळीवाड्याकडे जातो. ह्या तटाच्या आंत सुमारें ११० एकर जागा आहे, आणि त्या जागेंत एके काळीं एक संपूर्ण शहर होतें. रस्ते होते, चौक होते, बालेकिल्ला होता, रुग्णालय होतें. येशूसंघी, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा चार संघांचे मठ आणि त्यांचीं देवळें होतीं. ह्या सर्वांवर मुख्य असें सेंट जोसेफचें देऊळ होतें; त्याला पोर्तुगीज लोक मात्रिज म्हणत.

मात्रिजचा मनोरा अजून उभा आहे. देऊळ १६०१ सालीं आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस ह्यांच्या कारकीर्दींत नव्यानें उभारलें गेलें, अशी नोंद तेथील शिळालेखांत होती. आज दर्शनी भिंत आहे, बाजूच्या भिंती आहेत, छप्पर नाहीं. जेथें वेदी असावी तेथें गवत आहे. आमच्यांतील दोघी-तिघी म्हाताऱ्या तेथेंच गुडघे टेकून बसल्या आणि जपमाळ म्हणूं लागल्या. त्यांच्यामागें एक नवरा-नवरीची जोडी छायाचित्रकारास सोबत घेऊन ताटकळत उभी होती. लग्नाआधींच अशा पडक्या वास्तूंत जाऊन छायाचित्रें काढून घेण्याची चाल अलीकडे पडली आहे. तीं मुलें भलीं होतीं. जपमाळ संपेपर्यंत थांबलीं. त्या ठिकाणीं आपणांपैकीं कोणाचें कोठें लग्न लागलें असेल, कोणाचा स्नानसंस्कार झाला असेल, ह्याचा विचार त्यांच्या मनांत आला कीं नाहीं कोण जाणे.

फ्रान्सिस्कन मठाच्या देवळांत मात्र मी स्वतः फार वेळ थांबलों. तेथें जमिनींत समाधिशिळा बसविलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरें आहेत, घराण्यांच्या ढाली कोरलेल्या आहेत, आणि पावसानें कित्येक नांवें अर्धीं पुसलीं गेलीं आहेत. ह्या शिळांची आणि त्या शहराची माहिती आपणांस ज्यांच्यामुळें सहज मिळते त्यांचें नांव घेणें माझें कर्तव्य आहे. डॉ. जुझे गेर्सन द कुन्हा हे गोव्याचे कॅथलिक, मुंबईंत वैद्यकी करणारे गृहस्थ. त्यांनीं चौल आणि वसई ह्यांच्या इतिहासावर १८७६ सालीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या लोकांनीं आपला इतिहास लिहिला नाहीं असें म्हणण्याची जी खोड आहे, तिला हें एक उत्तर आहे.

शिळा वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. हीं नांवें आपलीं नाहींत. तटाच्या आंत प्रामुख्यानें फिदाल्गो म्हणजे खानदानी पोर्तुगीज सरदार, त्यांचे कुटुंबकबिले, शिपाई, आणि मठवासी राहत. तट ज्यांनीं रचला ते पाथरवट आणि डोक्यावरून चुना-दगड वाहणारे मजूर इथलेच होते. पण त्यांची समाधिशिळा मला कोठें आढळली नाहीं.

येथें दगडाचा प्रसंग सांगितला पाहिजे, कारण त्याचे निरनिराळे पाठ गांवांत पसरले आहेत. आपल्यांतील एका उत्साही गृहस्थांनीं नक्षीदार दगडाचा एक लहानसा तुकडा उचलून पिशवींत घातला. त्यांचा हेतु वाईट नव्हता. आपल्या देवळाच्या आवारांत ज्युबिलीनिमित्त पवित्र मारियेची जी गुहा बांधावयाची आहे, तिच्या पायांत वसईचा एक दगड बसवावा, म्हणजे आपलें जुनें नातें जोडलें जाईल, असें त्यांच्या मनांत होतें. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तेथून खडा हलविणेंहि गुन्हा आहे, असें धर्मगुरूंनीं त्यांना समजावून सांगितलें. तरी त्यांचा हात पिशवींतून निघेना. तेव्हां ज्यांचें माहेर संडोरचें आहे त्या आपल्या मावशी पुढें झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे दगड आमच्या वाडवडिलांनीं एकदां वाहिले, तेवढें पुरे आहे. आतां तुम्ही पुन्हां वाहूं नका." सगळे हसले, आणि दगड जेथला तेथें गेला.

मावशींचें हें वाक्य मी पुष्कळदां आठवितों. त्यांत साऱ्या इतिहासाचें सार आलें आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगतों.

गुजराथचा सुलतान बहादूरशाह ह्यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं पोर्तुगिजांशीं तह करून वसई आणि तिच्याबरोबर मुंबई व साष्टी हीं बेटें त्यांना दिलीं. त्यापुढें दोनशें वर्षें, म्हणजे जवळजवळ सात-आठ पिढ्या, वसई हें त्यांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें होतें. संत फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले. आणि ह्याच वसईंत सुमारें १५५६ सालीं गोन्सालो गार्सिया जन्मास आले. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. त्यांनीं जपानांत येशूसंघी धर्मगुरूंची वर्षानुवर्षें सेवा केली, त्या संघांत घेतलें जावें म्हणून विनविलें, पण त्यांना घेतलें गेलें नाहीं. मग ते व्यापारांत पडले, मनिलास गेले, आणि फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. जपानी भाषा अवगत असल्यामुळें दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राण देते झाले. परमगुरुस्वामी नववे पियुस ह्यांनीं १८६२ सालीं त्यांना संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेला पहिला संत आपल्या नदीच्या मुखाशीं जन्मला, आणि ज्या संघाचें दार त्यानें प्रथम ठोठावलें तें त्याला उघडलें नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी मुलांना शिकवाव्या असें मला वाटतें. आपण बहुधा पहिलीच शिकवितों.

आतां दुसरी बाजू. ती आपल्याच व्यासपीठावरून सांगितली गेली पाहिजे, कारण दुसरे ती सांगतातच. पोर्तुगीज अमलांत साष्टी-वसई प्रांतांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं. १५६० सालीं गोव्यास इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि तिचा हात ह्या उत्तर प्रांतापर्यंत पोहोंचत असे. बोरिवलीजवळ मंडपेश्वराचें लेणें आहे, तें शंकराचें. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं त्या लेण्याचेंच ख्रिस्तमंदिर केलें. त्यांतल्या कांहींजणांचा हेतु शुद्ध असेल, पुष्कळांनीं अनाथ मुलें सांभाळलीं, शाळा काढल्या, हेंहि खरें. तरी दुसऱ्याच्या देवघरांत जाऊन आपली वेदी मांडणें ह्याला मी तरी दुसरें नांव देऊं शकत नाहीं. ह्या प्रांतांतील हिंदु वतनदारांच्या तक्रारी पुण्यास पेशव्यांकडे जाऊं लागल्या, त्या उगीच नव्हेत.

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें आणि साष्टी घेतली, आणि १७३९ च्या उन्हाळ्यांत चिमाजी अप्पांनीं वसईस घातलेला वेढा शेवटास आला. तटाखालीं सुरुंग पोंचविले गेले; सेंट सेबास्टियनचा बुरूज उडाला. दोन्ही बाजूंनीं माणसें जिवावर उदार होऊन लढलीं. मराठ्यांकडील हजारों लोक त्या तटाशीं पडले, आणि आंतील शिपायांनींहि कसूर केली नाहीं. १६ मे रोजीं शरणागतीचा तह झाला, आणि २३ मे रोजीं शहर मराठ्यांच्या हातीं आलें.

ह्या दोन तारखांमध्यें आठ दिवस आहेत. किल्ल्यांतील सर्व भिंतींपेक्षां मला हे आठ दिवस मोठे वाटतात. तहाच्या अटी मानाच्या होत्या. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं हत्यारें आणि चीजवस्तु घेऊन, वाजतगाजत, सुखरूप जावें; जे मागें राहतील त्यांच्या धर्माचरणास आडकाठी होऊं नये. पावसाळा तोंडावर आला होता. सरदार, शिपाई, त्यांचीं बायकामुलें, आणि युरोपीय मठवासी गलबतांत बसले. कांहीं मुंबईस गेले, मग पुढें गोव्याकडे. ज्यांच्या समाधिशिळा आम्हीं वाचल्या त्यांचीं नातवंडें-पणतवंडें त्या आठ दिवसांत हें बेट कायमचें सोडून गेलीं. आणि कोळी? तो आपली होडी घेऊन कोठें जाणार? केळीचा मळा कोणाच्या गलबतांत बसणार? ज्यांच्या धर्माला आजवर तोफांचा आधार होता असें लोक म्हणत, त्यांच्या पाठीशीं आतां एकहि तोफ नव्हती. जुन्या सरकारचे लोक गेले होते, नवें सरकार परक्या धर्माचें होतें. अशा वेळीं कित्येक घरांनीं राहावयाचें ठरविलें, आणि ख्रिस्ती म्हणून राहावयाचें ठरविलें. त्यांच्या सोबतीस राहिले ते ह्याच देशांतले, बहुतांशीं गोवेकर, धर्मगुरु. ह्या माणसांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. संडोर, पापडी, रमेदी, नंदाखाल, आगाशी ह्या गांवांत आपण गेलांत तर त्यांचे वंशज आपणांस जेवावयास बसवितील, एवढाच त्यांचा शिळालेख.

आपल्या धर्मग्रामांत वसईचीं घरें मूठभर आहेत. कोणी नगरकडून आलेले आहेत, कोणी गोव्याकडून आगगाडीच्या नोकरीबरोबर, तर कोणी येथल्याच वाडीपाड्यांतले आहेत. तेव्हां आपण सारे त्या राहिलेल्यांचे वंशज आहोंत असें मी म्हणणार नाहीं. तें खरें होणार नाहीं. पण ज्या मराठींत आपण आज मिस्साबलि अर्पण करतों, तिला त्यांचें ऋण आहे. व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६२ ते १९६५ ह्या काळांत भरली आणि तेव्हांपासून उपासनेंत लोकभाषा आली. तत्पूर्वीं वेदीवर सर्व लॅटिन. तो बदल आला तेव्हां वसईकरांना मराठी नव्यानें शिकावी लागली नाहीं. ती त्यांच्या घरांत, मळ्यांत आणि होडींत होतीच. १९९८ सालीं वसईचें स्वतंत्र धर्मप्रांत झालें. आणि त्याच वसईच्या मातींतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनीं 'सुवार्ता' चालविली आणि पवित्र शास्त्र सुबोध मराठींत आणलें, ते २०२० सालीं उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले.

एक गोष्ट जातां जातां. ज्या वसईनें चिमाजी अप्पांस एवढें यश दिलें, त्याच वसईंत त्रेसष्ट वर्षांनीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून पेशवाईचें स्वातंत्र्य घालविलें. किल्ल्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

आतां घंटा. विजयानंतर वसईच्या देवळांतील घंटा मराठे सरदारांनीं निरनिराळ्या ठिकाणीं नेल्या. नाशिकास गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळावर एक आहे. तिच्यावर १७२१ हें साल आहे. बडबड्या पोराला आपल्याकडे 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. तें म्हणणाऱ्या किती आयांना ठाऊक असेल कीं, ही घंटा एके काळीं वसईंत मिस्सेची वेळ सांगत होती? दुसरी वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर आहे. तिच्यावर १७०७ हें साल, आणि बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मारियेची उठावाची आकृति आहे. तिसरी आपली भीमाशंकरची. तिच्यावर १७२९ हा आंकडा आहे, आणि चिमाजी अप्पांनीं ती देवास वाहिली असें सांगतात.

आमच्या तरुण मित्राचा प्रश्न पुन्हां पुढें घेऊं. परत मागावयाची ती कोणीं, आणि परत जावयाची ती कोणाकडे? ज्या शहरांत ती वाजत होती तें ओस आहे. ज्यांनीं ती टांगली ते सरदार त्या आठ दिवसांत निघून गेले. मूळ मालकाचें सूत्र धरून मागें जावयाचें तर घंटेपाशींच थांबतां येणार नाहीं. मंडपेश्वराचें लेणें, पाडलेल्या देवळांच्या जागा, सगळ्यांचीच मोजणी निघेल, आणि त्या मोजणींत आपली बाजू फारशी जड भरेल असें मला वाटत नाहीं. दुसरें असें कीं, युद्धांत सांपडलेल्या घंटेचें काय होतें हें जगाचा इतिहास सांगतो. ती वितळवितात आणि तिच्या धातूची तोफ करतात. ह्या तीन घंटांच्या नशिबीं तें आलें नाहीं. ज्यांनीं त्या नेल्या त्यांनीं त्या देवाच्या दारींच टांगल्या. मेणवलीच्या घंटेवरची मारियेची आकृति कोणीं घांसून काढली नाहीं. इतकीं वर्षें घाटावर स्नानास येणाऱ्या बायका ती पाहत आल्या आहेत.

आमचा मित्र हट्टी असला तरी अन्यायी नाहीं. हें सर्व ऐकून तो म्हणाला, "बरें, घंटा राहूं द्या. पण ती कोठून आली, कोणाची होती, एवढें सांगणारा फलक तरी तेथें मराठींत असावा. ते आठ दिवसहि त्यावर असावेत." ही मागणी मला मान्य आहे. आपल्या मंडळानें तेथील देवस्थानास नम्रतेनें पत्र लिहावें, आणि त्या पत्रांत मंडपेश्वराचाहि उल्लेख असावा, अशी माझी सूचना आहे. पत्राचा मसुदा त्या तरुणानेंच करावा. धर्मगुरूंची अनुज्ञा असेल तर तो पुढील सभेपुढें येईल.

गुहेच्या बांधकामाविषयीं बोलण्यास मला सांगितलेलें नाहीं, तरी एक वाक्य बोलतों. तिचे दगड आपल्या उल्हासच्या पात्रांतले घ्यावेत. ते रीतसर परवानगीनें मिळतात, वाहावयाचें अंतरहि थोडें आहे, आणि मावशींचा त्यांस आक्षेप नाहीं, हें मीं विचारून घेतलें आहे.

शेवटीं एक व्यवस्थेची गोष्ट. ज्यांना ती घंटा प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांच्यासाठीं येत्या जानेवारींत खांडसहून भीमाशंकरास जावयाचें ठरलें आहे. वर जाण्यास दोन वाटा आहेत. गणेशघाटाची वाट लांब पण सोपी आहे. म्हाताऱ्या माणसांनीं आणि मुलांनीं तीच धरावी. शिडीघाट चढणीचा आणि निसरडा आहे. तेथें हौशी तरुणांनींहि वाटाड्यावांचून जाऊं नये. तें रान अभयारण्य आहे. शेकरू दिसलें तर पाहावें, त्याला खाऊं घालूं नये. देवळाच्या आवारांत पादत्राणें काढून, शांतपणें, येणाऱ्या भाविकांस वाट देऊन उभें राहावें, आणि घंटेस हात लावण्यापूर्वीं तेथील पुजाऱ्यांस विचारावें. नांवें रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या दाराशीं घेतलीं जातील. दुपारचा डबा आणि पाणी प्रत्येकानें आपापलें आणावें.